अंगाचं माप

वृद्धनिवासातल्या बाईंनी ताईला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, खोली आज संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवतो, त्यानंतर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला कळवतो. खाली बाग, मजल्यावर नर्स, खिडकी पूर्वेला. अशी खोली पुन्हा मिळायला वर्ष लागेल, हेही सांगून झालं होतं. ही खोली हातची जाऊ द्यायची नाही असं ठरवूनच ताई सकाळी बसमधून उतरली. बावीस वर्षं मुख्याध्यापिका असलेली बाई एकदा काही ठरवते तेव्हा बाकीच्यांनी आपापली मतं दप्तरात ठेवायची असतात, आणि एरवी ठेवलीही असती.

पण या वेळी आईने सौदाच तसा केला होता. आठ आठवड्यांपूर्वी ती वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये घसरली आणि पाच तास फरशीवर पडून राहिली. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि हॉस्पिटलच्या खाटेवरूनच तिने सगळ्यांना सांगितलं, "घर माझ्याजोगं करून द्या. मग थेरपिस्ट बाईंना बोलवा. त्यांच्यासमोर मी एकटी उठून, बाथरूमला जाऊन परत आले तर मी घरी राहणार. नाही जमलं तर मोठी म्हणेल तिथे जाईन, तोंडातून शब्द काढणार नाही." मोठी म्हणजे ताई. आईने दिलेला शब्द फिरवल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं, तेव्हा प्रश्न मिटला होता. थेरपिस्ट तीन वाजता येणार होती.

ताईने घराच्या दारात सवयीने पाय उंच उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. पायरीच नव्हती. रस्त्यापासून दारापर्यंत एक लांबट उतार चढत गेला होता आणि दाराशी येऊन फरशीला मिळाला होता.

"आत्या, सगळ्यांचं असंच होतंय," आतून भाचीचा आवाज आला. "काल पोस्टमन पडता पडता वाचला."

भाचीला घरात आणि आता तिच्या ऑफिसातही इंची म्हणत. बापाच्या शिलाईच्या दुकानात रांगायची तेव्हापासून गळ्यात टेप घालून फिरायची, त्यावरून. पुढे ती आर्किटेक्ट झाली, पण टेप काही सुटला नाही. आजीचं घर तिने सहा आठवड्यांत उलटंपालटं केलं होतं. खालची पुढची खोली, जिथे पन्नास वर्षं शिवणयंत्रं खडखडली, ती आता आजीची झोपायची खोली होती. तिलाच लागून नवीन बाथरूम. दार सरकतं, वॉकर वळेल एवढं रुंद. दिव्यांची बटणं कमरेच्या उंचीवर. पलंगावरून पाय खाली टाकला की पलंगाखालचा दिवा आपोआप लागायचा.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"अंधारात चाचपडायला नको म्हणून."

"पडायचं ते माणूस उजेडातही पडतं," ताई म्हणाली. आई पडली तेव्हा भर दुपार होती.

स्वयंपाकघरात सूनबाई चहा गाळत होती आणि ताईचा भाऊ कपाटाच्या दाराला पाठ टेकून उभा होता. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, आईसुद्धा. कटिंग मास्तर. आईचं दुकान त्यानेच पुढे चालवलं, आता ते पलीकडच्या गल्लीत, त्याच्या घराखाली होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून आईला तिथे न्यायचा मार्गच बंद होता. तिघांनी चहा घेतला आणि खोलीचा विषय कोणी काढला नाही. मास्तरने दोनदा घड्याळ पाहिलं.

*

थेरपिस्ट वेळेवर आली. जेमतेम तिशीची, खांद्याला बॅग, हातात कागद अडकवलेली पाटी. इंचीला पहिल्या पाच मिनिटांतच हायसं वाटलं, कारण ही बाई बघायचं ते नेमकं बघत होती. उतारावरून तिने वॉकर स्वतः चालवून पाहिला. बाथरूमची ओली फरशी पायाने घासून पाहिली. आंघोळीच्या जागेला कुठेही उंबरठा नाही, बसायला भिंतीतून खाली पडणारी घडीची बैठक आहे, हे पाहून ती नुसतं "छान" म्हणाली, आणि इंचीला कॉलेजात पहिल्या नंबराने पास झाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

"आजी, दिवसाला पाणी किती पिता?"

"भरपूर."

"खोटं," सूनबाई मागून म्हणाली. ती सहसा सासूच्या विरोधात बोलत नसे. "चारनंतर तांब्या भरलेला तसाच असतो. हॉस्पिटलात जायच्या आधीही असायचा."

आजीने सुनेकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर विरघळली असती. "मग काय करू? पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठलं की पडावं लागतं."

ताईने हाताची घडी घातली. थेरपिस्टने कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "चला आजी. तुमच्या वेळेने. कोणी हात लावायचा नाही."

आजी पलंगावरून उठली. पहिल्या झटक्यात नाही, दुसऱ्या. वॉकर धरला, सात पावलं टाकली. दार एका हाताने सरकवलं, आत वळली, कमोडवर बसली. दार उघडंच होतं, आणि परीक्षेपुरती ती साडीसकटच बसली. इंचीचे ओठ हलत होते, जणू पावलं तीच टाकत होती.

"आता उठा."

आजीने उजव्या हाताने भिंतीवरची आधाराची दांडी धरली आणि तिथेच सगळं अडलं. दांडी वर होती. फार वर. कोपर खांद्यापर्यंत गेलं, खांदा कानाला टेकला, आणि तशा हाताने अंगाचा भार उचलणं कोणालाही जमलं नसतं. आजीने एकदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा तिचा हात सुटला आणि थेरपिस्टने तिला दंडाला धरलं.

"बस झालं," ताई म्हणाली.

"आत्या, दांडी चुकलीय, आजी नाही."

"पडल्यावर दांडीला फ्रॅक्चर होत नाही."

थेरपिस्टने टेप काढला, दांडीची उंची मोजली, आजीच्या कोपराची मोजली आणि भुवया उंचावल्या. "पाच-साडेपाच इंच जास्त आहे. अशा दांडीवर मी सही करू शकत नाही." मग पाटीवरचा कागद उलटला. "मला दोन गल्ल्या सोडून एक घर बघायचंय. पाच वाजता परत येईन. तोवर काही करता आलं तर बघा."

*

थेरपिस्टच्या पाठीमागे दार लागलं आणि घरात जे सुरू झालं ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असणार.

"साडेपाच इंच!" इंचीने बापासमोर वही आदळली. "बाबा, तुम्ही मला माप किती दिलं होतं?"

"साडेएकोणतीस."

"ते अंगाचं माप होतं ना?"

दुकानात दोन मापं असत. अंगाचं माप म्हणजे अंगावर भरेल तेवढंच. तयार माप म्हणजे मोकळीक धरून. हे इंचीला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. मास्तरने वही उचलून पाहिली.

"त्यात दोन इंच सोडलेत," तो हळूच म्हणाला. "हाताला मोकळीक नको?"

"अहो बाबा! मी पण दोन सोडले!"

"तू कशाला सोडलेस?"

"हाताला मोकळीक नको?"

सूनबाईने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे झगा शिवल्यासारखं घर शिवलंत तुम्ही दोघांनी," ताई म्हणाली. "बापाने मोकळीक धरली, लेकीने मोकळीक धरली आणि आई मध्ये लोंबकळली."

"चार इंच झाले ते," इंची कागदावर वजाबाकी करत म्हणाली. "वरचा दीड कुठून आला? बाबा, माप घेतानाच चुकलंय."

"माझं माप चुकत नाही." मास्तरचा आवाज चढला. बत्तीस वर्षांत त्याच्यावर कपडा उसवायची वेळ आली असेल, पण माप चुकलं असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नव्हती. "खुर्चीवर बसवून, जमिनीपासून कोपरापर्यंत, दोनदा घेतलंय. साडेसत्तावीस."

"आणि त्या बाईंनी आत्ता सव्वीस मोजलं."

"मग त्या बाईंचं चुकलं."

"पुरे!" ताई भावाकडे वळली. "हे बघ, मी तुला दोष देत नाहीये. तू रोज येतोस, डबा पोचवतोस, मला सगळं दिसतं. पण आज इंचाची चूक झाली, उद्या औषधाची होईल. अशा हिशेबावर मी आईला इथे एकटी ठेवू? तूच सांग."

 मास्तर टेप बोटाभोवती गुंडाळत राहिला, सोडला, पुन्हा गुंडाळला. त्याच्या मनात आलं, कदाचित चुकलंच असेल. डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, चष्म्याचा नंबर बदलून चार वर्षं झाली. "असेल," तो म्हणाला. "चुकलं असेल माझं."

पलंगावर बसलेल्या आईने हे ऐकलं. तिला वाटलं असतं तर ती तशीच गप्प बसली असती. मुलाने चूक पदरात घेतली होती, नातीने दांडी खाली घेतली असती, कोणाला पत्ता लागला नसता. पण हा मुलगा सातव्या वर्षी तिच्या गुडघ्याशी बसून टेप धरायला शिकला होता. गल्लीभर लोक त्याला मास्तर म्हणतात ते त्या टेपच्या जोरावर, आणि तो त्याच्या हातून आपण काढून घ्यायचा, हे काही तिच्याने होईना.

"त्याचं माप बरोबर आहे," आई म्हणाली.

सगळे वळले.

"मीच ताठ बसले होते."

"म्हणजे?" इंचीने विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? ताठ. गिऱ्हाइकं उभी राहायची तशी. माप घ्यायला लागलं की पोट आत घ्यायची, मान वर करायची. मी प्रत्येकाला म्हणायचे, श्वास सोडा हो, कपडा तुम्हालाच घालायचाय." तिने मांडीवरची चादर सारखी केली. "मास्तर माप घ्यायला आला तेव्हा मला वाटलं, आता हा लिहून घेणार, इंची ते कागदावर काढणार, सगळ्यांना दिसणार. वाकलेली म्हातारी दिसायला नको होतं मला. म्हणून पाठ ओढून धरली. दोन्ही वेळा. नंतर दिवसभर दुखत होती."

मास्तर आईकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि ते त्याला थांबवता येईना. "आई! तू! तू टेपला फसवलंस?"

"फसवलं. आता घे पुन्हा."

"बस मग खुर्चीवर."

आई खुर्चीवर बसली आणि तिने श्वास सोडला. खांदे खाली आले. पाठ गोल झाली, मान थोडी पुढे आली, आणि चौघांच्या देखत ती लहान झाली. ताईने आईला अशी पाहिलीच नव्हती. ती भेटायला यायची तेव्हा आई ताठ असायची. हॉस्पिटलात उशांना टेकून, पण ताठ. गेली किती वर्षं आपल्यासमोर ही पाठ ओढून बसत होती, हा हिशेब ताईला करवेना.

"मोठी, उभी काय राहिलीस? टेपचं खालचं टोक धर. त्याला वाकवत नाही."

ताई फरशीवर बसली आणि तिने टेपचं टोक जमिनीला दाबून धरलं.

"सव्वीस," मास्तर म्हणाला. "अंगाचं माप. मोकळीक शून्य."

"लिहून घेतलं," इंची म्हणाली.

दांडी खाली घ्यायची म्हणजे भिंत फोडायची, असं सगळ्यांना वाटत होतं. पण इंचीने बाथरूमच्या टाइलांच्या मागे गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सलग प्लायवूड बसवून घेतलं होतं. "माणूस बदलतं," ती ड्रिलचं टोक घट्ट करत म्हणाली. "आज दांडी इथे लागते, पाच वर्षांनी तिथे लागेल. दरवेळी भिंत कोण फोडणार? आता स्क्रू कुठेही मारा, धरेल." ड्रिलने टाइल भेदली, धूळ उडाली, सूनबाईने पोछा मारला, आणि सव्वाचारला सुरू केलेलं काम पावणेपाचला संपलं. जुन्या जागी चार भोकं राहिली. इंचीने ती पांढऱ्या पुट्टीने बुजवली, तरी दिसायची ती दिसत होतीच.

*

पाच वाजता थेरपिस्ट आली. आई उठली, सात पावलं चालली, बसली. दांडी धरली. या वेळी कोपर अंगाशी राहिलं, तळहात खाली दाबला गेला, आणि ती उठली. सरळ नाही, वाकलेलीच, पण उठली. ते पुन्हा एकदा करून दाखवलं. मग घडीच्या बैठकीवर बसून आणि तिथून उठूनही दाखवलं, कोणी सांगितलं नसताना.

सूनबाईचा जीव भांड्यात पडला तो सगळ्यांना ऐकू आला. "हुश्श!" एवढ्या मोठ्याने.

"घर तयार आहे," थेरपिस्ट सही करत म्हणाली. "आंघोळ बसूनच करायची. मदतीला बोलवायचं गळ्यातलं बटण आंघोळीतही काढायचं नाही, ते भिजलं तरी चालतं. आणि आजी, पाणी प्यायचं."

ती गेल्यावर मास्तर आणि इंची बाहेरच्या उतारावर जाऊन उभे राहिले. दोघं बापलेक आतापर्यंत एकमेकांवर चिडलेले होते याची दोघांनाही आठवण नव्हती. आत आई पलंगावर आणि ताई खुर्चीवर. घड्याळात साडेपाच. ताईच्या हातात फोन होता आणि ती नंबर लावत नव्हती.

"कर की," आई म्हणाली. "का अजून शंका आहे?"

"दांडीची नाही."

"मग?"

ताईने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. आठ आठवडे ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. "त्या दिवशी मी तुला फोन केला होता. दोनदा. तू उचलला नाहीस. मला वाटलं शेजारी गेली असशील. आणि मी मीटिंगला गेले, आई. तीन तासांची मीटिंग. मास्तरला एक फोन केला असता तर तो पाच मिनिटांत आला असता. तू खाली फरशीवर, आणि मी वेळापत्रक ठरवत बसले होते. रोज तेच डोळ्यांसमोर येतं. त्या खोलीत निदान चोवीस तास नर्स आहे."

आईने त्या उलट्या फोनकडे पाहिलं.

"ऐकू येत होता मला फोन," ती म्हणाली. "दोन्ही वेळा. त्या वेळेला तूच करतेस, दुसरं कोण करणार? उचलता येत नव्हता, पण वाजत होता तोवर बरं वाटत होतं. म्हटलं, मोठी आहे."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"हे बघ, मी पुन्हा पडेन," आई म्हणाली. "पडणार नाही असं तुला सांगितलं तर ते पुन्हा ताठ बसणं होईल. त्या खोलीतही पडेन. पण पडले तर ते माझं पडणं. त्याचा जाब तुला कोणी विचारणार नाही, मी तर नाहीच नाही. तू आता ते ओझं खाली ठेव बरं."

ताईने फोन उचलला. वृद्धनिवासातल्या बाईंना तिने सांगितलं की खोली पुढच्या कुटुंबाला द्या. त्यांनी विचारलं, नाव यादीत ठेवू का? ताईने आईकडे पाहिलं, आईने खांदे उडवले. "नको," ताई म्हणाली, "लागलं तर आम्हीच फोन करू." फोन ठेवला तेव्हा आपल्याला इतकं हलकं वाटेल याची तिला कल्पना नव्हती. सुटका आईची व्हायची होती, आणि झाली तिचीसुद्धा.

"आता मी आंघोळ करणार," आई उठत म्हणाली.

"आत्ता? संध्याकाळची?"

"आठ आठवडे मला कोणीतरी आंघोळ घालतंय. आज मी माझी करणार. टॉवेल दे, आणि बाजूला हो."

ती वॉकर घेऊन गेली. दार सरकलं आणि लागलं. पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. मास्तर आणि इंची आत आले, सूनबाई स्वयंपाकघरातून आली, आणि चौघं त्या दाराकडे तोंड करून बसले. कोणी काही बोलेना. बोललं तर ऐकू येणार नाही म्हणून.

आणि आत धाडकन काहीतरी पडलं.

चौघं एकदम उभे राहिले. इंचीचा हात दाराच्या मुठीवर गेला, ताईचा तिच्या हातावर. पाणी चालूच होतं.

"साबणदाणी!" आतून आईचा खणखणीत आवाज आला. "साबणदाणी पडलीय, मी नाही! आणि कोणी आत आलात तर बघा!"

ताईने इंचीचा हात मुठीवरून काढला. कोणीही आत गेलं नाही.